मीठ एकटं आत जात नाही

(प्रभागसंघाच्या जून महिन्याच्या सभेत, रावेर येथे, विज्ञानाच्या एका निवृत्त शिक्षिकेने दिलेलं हे भाषण. बोललेलं थोडं आवरून, पण त्यांच्याच बोलीत इथे देत आहोत.)



आज मला अध्यक्षताईंनी सांगितलं की पावसाळा तोंडावर आहे, जुलाब-उलट्यांवर चार शब्द बोला. चार शब्दांचं काम असतं तर आशाताईंनीच ते केलं असतं. त्या दरवर्षी पाकिटं वाटतात. दरवर्षी ती पाकिटं डब्यात पडून राहतात आणि आपण लेकराला घेऊन सलाईन लावायला पळतो. गटाचं रजिस्टर उघडून बघा. अंतर्गत कर्जाच्या कारणात 'दवाखाना' किती वेळा लिहिलंय ते मोजा. म्हणून मी आज पाकीट कसं घोळायचं ते शेवटी सांगणार आहे. आधी सांगणार आहे की त्या पाकिटात असं आहे काय, आणि ते आत जाऊन करतं काय. एकदा कारण कळलं की माप चुकत नाही.

सुरुवात आपल्या केळीपासून करू.

रावेर-सावद्याहून केळी हिरवीच निघते हे तुम्हाला मी सांगायला नको. घड कापता तुम्ही, फण्या धुता तुम्ही. पण एक गोष्ट घरी सगळ्यांनी पाहिली असेल. हिरव्या केळांच्या डब्यात एक पिकलेलं केळ ठेवलं की दोन-तीन दिवसांत बाकीची पिवळी पडायला लागतात. त्या एका केळाने बाकीच्यांना सांगितलं काय? तोंड नाही, हात नाही. तर त्याने एक वायू सोडला. त्याचं नाव इथिलीन. तो वायू शेजारच्या केळाच्या पेशीपर्यंत पोचतो. त्या पेशीत या वायूसाठी जणू कुलूप बसवलेलं आहे. किल्ली बसली की पेशीला निरोप मिळतो, पिकायची वेळ झाली. मग पिठाची साखर होते, साल पिवळी होते, गर मऊ होतो, आणि ते केळ स्वतःही इथिलीन सोडायला लागतं. निरोप पुढे जातो. पिकवण्याच्या थंड खोल्यांमध्ये हाच वायू मोजून सोडतात.

आता कार्बाईडची भानगड. कार्बाईडला ओल लागली की दुसराच वायू निघतो, ॲसिटिलीन. तो इथिलीनसारखा दिसतो, म्हणून त्याच कुलपात थोडाफार बसतो. खोटी किल्ली. केळ फसतं आणि वरून पिवळं होतं. कार्बाईडमध्ये आर्सेनिकसारखं विष असू शकतं, म्हणून फळं पिकवायला त्याला कायद्याने बंदी आहे. ही खोटी किल्ली लक्षात ठेवा. पुढे ती परत येणार आहे, आणि तेव्हा ती केळात नसेल, आपल्या लेकराच्या आतड्यात असेल.

आपलं शरीरही पेशींचंच. एका माणसात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात. एवढ्या मोठ्या वस्तीला दोन कामं सतत करावी लागतात. एक, एकमेकींना निरोप देणं. दोन, लागेल ते आत घेणं आणि नको ते बाहेर टाकणं. आपल्या गटाचं तरी दुसरं काय असतं?

पेशीच्या भोवती एक पातळ आवरण असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला पेशीपटल म्हणतात. ते कशाचं असतं? स्निग्ध पदार्थाचं, म्हणजे तेलातुपाच्या जातीचं. शेवभाजीवर तर्रीचा तवंग येतो तसा समजा, फक्त इतका पातळ की डोळ्याला दिसणार नाही. घरी जाऊन एक करून बघा. वाटीभर तेलात चिमूटभर मीठ टाका आणि हलवा. विरघळतं का? नाही, तळाला बसून राहतं. मग तेलाच्या आवरणातून मीठ आत जाईल कसं? जात नाही. साखरही जात नाही. म्हणून पेशीच्या आवरणात दारं असतात. प्रत्येक दार ठराविक वस्तूचं. काही दारं नुसती उघडी असतात, काही निरोप आल्यावर उघडतात, आणि काही दारांची तर अटच असते की अमक्याबरोबर तमका आला तरच आत सोडीन.

पाण्याचं मात्र वेगळं. पाणी स्वतः ठरवत नाही कुठे जायचं. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे ते ओढलं जातं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं. ते पाणी कुठून आलं? फोडीच्या पेशींतून. बाहेर मीठ जास्त झालं, पाणी बाहेर आलं, फोड आक्रसली. शेतातलं उदाहरण हवं असेल तर केळीच्या बुडाशी युरियाचा ढीग पडला की काय होतं ते आठवा. झाड करपतं. आपण म्हणतो मुळ्या जळाल्या. जाळ कुठेच नसतो. बाहेर खताचं पाणी इतकं दाट होतं की मुळीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. ठिबकमधून खत पातळ करून, मोजून सोडतात ते यासाठीच.

हे दोन नियम धरून ठेवा. मीठ-साखरेला दार लागतं. पाणी मीठ-साखरेच्या मागे जातं.

आता आतड्यात या. आपण दिवसभरात पाणी, चहा, वरण मिळून दीड-दोन लिटर पितो. पण लाळ, जठराचा रस, पित्त, आतड्याचे रस असं शरीराचं स्वतःचं आणखी सहा-सात लिटर पाणी रोज आतड्यात उतरतं. म्हणजे रोजचं आठ-नऊ लिटर. त्यातलं जवळजवळ सगळं आतडं परत ओढून घेतं आणि शौचावाटे जेमतेम पाव लिटरही जात नाही. एवढं पाणी खेचायला आतड्यात पंप नाही. आतडं मीठ आत घेतं आणि पाणी त्याच्यामागे येतं. बस.

पटकी, म्हणजे कॉलरा झाला की काय बिघडतं? १८८० च्या दशकात पटकीचे जंतू ओळखले गेले होते, पण ते माणसाला मारतात कसे हे कळायला पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली. ते कळलं आपल्याच देशात. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं की हे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि सगळा घोटाळा त्या विषाचा. ते विष आतड्याच्या पेशीला चिकटतं, आत शिरतं आणि खोटा निरोप देतं. पाणी सोड, पाणी सोड. आपल्या कार्बाईडसारखीच खोटी किल्ली, पण ही कुलपातच अडकून बसते. पेशी क्षार बाहेर टाकत राहते आणि पाणी त्याच्यामागे जातं. मोठ्या माणसाचंही काही तासांत अनेक लिटर पाणी निघून जातं. डोळे खोल जातात, लघवी बंद होते, नाडी लागत नाही.

साध्या जुलाबात एवढा जोर नसतो. लहान लेकरांना बऱ्याचदा रोटा नावाच्या विषाणूने जुलाब होतात, त्याची रीत थोडी वेगळी. (त्याची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे देतात. कोणाच्या नातवाची राहिली असेल तर या महिन्यात उरका.) पण कोणत्याही जुलाबात मरण येतं ते बहुधा पाणी आणि मीठ गेल्यामुळे येतं.

इथे एक मावशी मघाशीच कुजबुजल्या, "हगवण लागली त पानी कायले द्यायचं? आनखी होईल नं." बरोबर प्रश्न आहे. आपल्या सासवा-आजेसासवा लेकराचं पाणी तोडायच्या ते याच हिशोबाने. आणि नुसतं पाणी दिलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही हेही खरं आहे. नुसतं मिठाचं पाणी दिलं तरी जात नाही, कारण मिठाची नेहमीची दारं त्या खोट्या निरोपाने बंद पडलेली असतात. जुन्या डॉक्टरांनाही वाटायचं की आता आतडंच कामातून गेलं, म्हणून शिरेतून सलाईन हाच उपाय.

पण एक दार उघडं राहतं. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने प्राग शहरातल्या एका परिषदेत त्या दाराची कल्पना मांडली. हे दार मघाशी म्हटलं तसं अटीचं आहे. साखरेचा एक कण आणि मिठातल्या सोडियमचे दोन कण, असे बरोबर आले तर दार फिरतं आणि तिघांना आत घेतं. साखर एकटी आली, थांब. मीठ एकटं आलं, थांब. जोडीने या. आणि एकदा हे आत गेले की पाण्याला मागे जावंच लागतं. पटकीचं विष या दाराला हात लावू शकत नाही. जुलाब चालू असतानाही ते काम करत असतं.

म्हणून ओआरएसमध्ये साखर असते. लेकराला गोड लागावं म्हणून नाही, ताकद यावी म्हणूनही नाही. मिठाला आत न्यायला ती लागते.

हे सगळं प्रयोगशाळेत कळलं, तरी दवाखान्यात कोणी सहजासहजी मानेना. ते मानायला लावलं १९७१ ने. बांगलादेशाच्या युद्धात जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथे डॉ. दिलीप महालनबीस होते. दवाखान्याच्या जमिनीवर रोगी, वांत्या-जुलाबांची घाण, त्यात गुडघे टेकून सलाईन लावायचं, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी ठरवलं, तोंडाने द्यायचं. ग्लुकोज, खायचं मीठ आणि खायचा सोडा मोजून पिशव्यांत भरले. पिंपांत पाणी घोळलं. आणि पाजायचं कोणी? नर्सा किती असणार? पाजलं रोग्यांच्या नातेवाइकांनी. आयांनी, बहिणींनी, नवऱ्यांनी, भांड्याभांड्याने. आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. या पाण्याने ते प्रमाण चाराच्या खाली आलं. १९७८ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकाने लिहिलं की हा कदाचित या शतकातला वैद्यकशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा शोध असेल. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि २०२३ मध्ये सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. जिवंतपणी द्यायला हवं होतं, असं आपलं माझं मत.

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण ती तुमच्या-माझ्यासारख्यांची आहे. नव्या बांगलादेशात पाकिटं कुठून आणायची गावोगाव? तिथल्या ब्रॅक संस्थेने १९८० पासून दहा वर्षं बायकांच्या टोळ्या घरोघर पाठवल्या. पाकीट नाही. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. प्रत्येक घरातल्या आईला समोर बसवून करायला लावायचं. एक कोटी वीस लाखांवर घरं झाली. आणि पगार कसा? किती घरं फिरली यावर नाही. नंतर दुसरी माणसं जाऊन त्या आयांना विचारायची, करून दाखवा. आईला नीट आलं तर शिकवणारीला पैसे जास्त, नाही आलं तर कमी. आपल्या प्रशिक्षणांना ही पद्धत लावली तर काय होईल, याचा विचार करून मला हसू येतं.

आता माप.

ओआरएसचं पाकीट आधी वाचा. बहुतेक पाकिटं एक लिटर पाण्याची असतात, काही छोटी २०० मिलिलिटरची. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात एकदाच घालायचं. आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. लेकरू लहान आहे म्हणून थोडंसं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकतात, उरलेलं गुंडाळून ठेवतात. ग्लासात किती पडलं कोण मोजणार? दाट झालं की काय होईल? कैरीची फोड. युरियाचा ढीग. आतड्यातलं पाणी उलटं बाहेर ओढलं जाईल आणि जुलाब वाढतील. पातळ झालं तर मीठ पुरणार नाही. दाट केलं म्हणजे जोरदार औषध झालं, असं नसतं. जगात आधी जे मिश्रण चालायचं ते २००२ मध्ये मुद्दाम आणखी पातळ केलं, कारण पातळ जास्त चांगलं शोषलं जातं असं दिसलं. आताच्या लिटरच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट.

पाकीट नसेल तर घरी. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा म्हणजे पाच मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा. शिगोशीग नाही, बोटाने सपाट केलेला. झालं की चाखून बघा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, नवीन करा. मीठ जास्त झालेलं पाणी तान्ह्या लेकराच्या जिवावर बेतू शकतं. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं.

एका ताईंनी विचारलं, कोल्ड्रिंक किंवा खोक्यातला ज्यूस चालेल का? नाही. लिटरभर कोल्ड्रिंकमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ नावाला. आपल्या पाकिटातल्या साडेतेरा ग्रॅमशी ताडून बघा. मध्यंतरी अशाच काही गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस असं छापलेलं असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव लावायला मनाई केली. तरी दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलंय का ते बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे आशाताईंकडून घ्या, फुकट मिळतं.

पाजायचं कसं? दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पाजत असताना दवाखान्याकडे निघायचं. बाटलीने नाही, चमच्याने किंवा वाटीने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. अंगावरचं दूध तोडायचं नाही. जेवण तोडायचं नाही. आणि केळ द्या, माय! पिकलेलं, कुस्करून. जुलाबात पोटॅशियम जातं आणि केळात ते भरपूर असतं. ट्रकच्या ट्रक भरून केळी बाहेर पाठवणारा हा तालुका, आणि घरातलं लेकरू जुलाबाने सुकलं की आपण म्हणतो केळ नको, सर्दी होईल. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्याही मिळतात. जुलाब थांबले तरी त्या चौदा दिवस पूर्ण द्यायच्या, वयाप्रमाणे अर्धी की एक ते त्या सांगतील.

आणि हे नीट ऐका, कारण पाकिटावरचा विश्वास उडतो तो इथेच. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते त्याचं कामच नाही. ते गेलेलं पाणी भरून काढतं. जुलाब त्यांच्या वेळेने, तीन-चार दिवसांत, बऱ्याचदा आपोआप थांबतात. तोपर्यंत लेकरू सुकू द्यायचं नाही एवढंच आपल्याला करायचं आहे. तिसऱ्यांदा शौच झालं म्हणून "पाण्याने काही झालं नाही" असं म्हणून फेकू नका. तोंड ओलं आहे का, लघवी होते आहे का, रडताना डोळ्यात पाणी येतंय का, ते बघा.

पण लेकरू मलूल पडलं, पिईनासं झालं, प्यायलेलं सगळं उलटून टाकू लागलं, डोळे किंवा टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबायचं नाही. तेव्हा सलाईन लागतं, आणि तेव्हा गटाचं कर्ज घ्यायला लाजायचं नाही. वाटेतही चमच्याने पाजत राहायचं.

उन्हाचंही विचारलं गेलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि तुम्ही बागेत घड वाहता. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. धडधाकट बाईला रोजच्या कामात पाणी, मीठ घातलेलं ताक, लिंबाचं सरबत आणि दोन वेळची भाकर पुरते. चक्कर, गोळे येणं, मळमळ असं झालं तर सावलीत बसून ओआरएस घोट-घोट घ्यावं. ज्यांना रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मात्र ते रोजचं सरबत समजून पिऊ नये, डॉक्टरांना विचारावं. आणि बाई उन्हात भोवळ येऊन पडली, बरळू लागली, तर तोंडात काही ओतायचं नाही. अंग ओलं करायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन करायचा.

अजून एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. साखरेच्या आजाराचं काय, तिथेही दारंच असतात का? हो. तिथे इन्सुलिन नावाचा निरोप असतो, तो पोचला की स्नायूंच्या पेशी साखरेची दारं उघडतात. निरोप तयार होत नाही किंवा पेशी तो ऐकत नाही, म्हणून साखर रक्तातच फिरत राहते. पण त्याला वेगळी सभा लागेल.

आता मी सांगितलं होतं तसे घरचे चमचे आणलेत ना? काढा बाहेर. इथे टेबलावर औषधाचा पाच मिलिलिटरचा चमचा आणि पाणी आहे. प्रत्येकीने आपला चमचा भरून मोजायचा, आणि किती भरतं ते गटाच्या वहीत लिहायचं. मागच्या ओळीतल्या ताईंनी भाजीचा डाव आणलाय, तोसुद्धा मोजू.